झुरळ सोडून

सुगत चौदा वर्षं अंधेरीत पेस्ट कंट्रोलची फवारणी करत होता. दर रविवारी विहारात पंचशील म्हणायचा, ‘जीवहिंसा करणार नाही’, आणि सोमवारी पंप पाठीवर घ्यायचा. या बुद्धपौर्णिमेला ते शब्द त्याला म्हणताच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं, “मला फवारणी जमणार नाही. दुसरं काम द्या.” साहेब हसले. “झुरळालाही लागू आहे का रे तुझं पंचशील?” “झुरळ सोडून, असं त्यात म्हटलेलं नाही, सर.” दुसरं काम नव्हतं. नोकरी गेली. बायकोने सगळं ऐकून घेतलं. “पोरीची बारावी आहे,” एवढंच म्हणाली. “वॉचमनची जागा बघतो,” तो म्हणाला. ती चहा टाकायला उठली. साखरेच्या डब्याला मुंग्या लागलेल्या. तिचा हात मुंग्या मारायच्या पावडरीकडे गेला, थबकला. तिने डबा गॅलरीत उन्हात ठेवला. मुंग्या जाईपर्यंत दोघं चहासाठी थांबली.