खुणा झालेली यादी

रोमानियातल्या क्लुज शहरातल्या एका कंपनीच्या याद्यांच्या अ‍ॅपमध्ये लोकांची कामं उरकणारा एआय मदतनीस होता. यादी कधी पुसायची, याच्या सूचना त्याच्यासाठी स्मारांडा लिहीत होती. ‘आधी यादीच्या मालकाला विचार,’ हे तिचं वाक्य साहेबाने, होरियाने, आठव्यांदा खोडलं.

“अगं, ऊठसूट विचारायला तो काय नवा जावई आहे? सगळ्या नोंदींवर खूण झाली की यादी संपली. पुसून मोकळा हो, एवढंच लिही.”

वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने तेवढंच लिहिलं.

मृतांच्या शनिवारी, म्हणजे चर्चमध्ये गेलेल्यांची आठवण करायच्या दिवशी, गावाहून आईचा फोन आला. घराण्यातल्या गेलेल्यांची नावं ती त्याच अ‍ॅपमध्ये ठेवायची. चर्चमध्ये एकेका नावाने मेणबत्ती लावायची आणि नावापुढे खूण करायची.

“शेवटची मेणबत्ती लावली, पोरी, आणि फोनवर आलं, ‘यादी संपली, पुसली.’ बेचाळीस नावं होती. मला एकवीसच आठवतायत.”

“ती आता परत नाही येणार, आई.”



“खुणा झाल्या म्हणजे माणसं संपली, असं त्याला कोणी गं सांगितलं?”