सम्राटाच्या चित्राचं अस्तर

“एकदाच गुडघे टेका, गुरुजी. मान जाईल हो!”

“जाऊ दे. तुझी तरी ताठ कुठे राहिलीय?” कोठडीतल्या गवतावर बसलेले मो गुरुजी म्हणाले.

त्यांचा शिष्य तेंग त्यांच्यापुढे गवतावर बसला. त्याच्या अंगावर मंगोल दरबाराने दिलेला झगा होता. नव्या सम्राटाचं चित्र त्यानेच काढलं होतं. हूचौच्या कचेरीत ते टांगलेलं असे आणि दर महिन्याच्या पहिल्या नि पंधराव्या तिथीला गावातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने त्यापुढे कपाळ टेकायचं, असा हुकूम होता. चित्र तरी काय जिवंत! पहारेकरीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून उभे राहत नसत.

गुरुजींनी दोनदा नकार दिला होता. मंगोलांनी जिंकलेल्या जुन्या राज्याचा आठ वर्षांचा सम्राट समुद्रात बुडाल्याची बातमी आली, त्याच दिवशी त्यांनी आपले सगळे कुंचले मोडून चुलीत घातले होते. उद्या पंधरावी तिथी. उद्या वाकले नाहीत तर मान उडणार, हे ठरलेलं.

“मला नाही मोडता आले कुंचले,” तेंग म्हणाला. “दुसरं काही येतच नाही मला.”

“मग काढत बस त्यांच्या घोड्यांची चित्रं. मला कशाला ओढतोस?”

तेंगने दाराकडे पाहिलं आणि त्यांच्या कानाशी लागला.

“चित्राच्या मागचं अस्तर मीच चिकटवलंय. त्याच्या आत एक कागद आहे. त्यावर आपला छोटा सम्राट आहे. उद्या तुम्ही त्याच्याच पाया पडणार.”

गुरुजींनी त्याचं मनगट धरलं.

“अरे, कळलं तर अख्खं कुळ कापतील तुझं!”

“म्हणून तर कुणाला बोललो नाही.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. “आणि मी मेला तुला काय काय बोललो रे!”

दुसऱ्या दिवशी मो गुरुजींनी भर कचेरीत तीनदा कपाळ टेकलं. गाव अवाक झालं. कोपऱ्यावरच्या टोफूवाल्या फांग मावशीने तर त्यांना टोफू द्यायचंच बंद केलं. “नव्या सम्राटाकडे मागा म्हणावं!” गुरुजी नुसते हसले.

तेंग उत्तरेला राजधानीत गेला, नावारूपाला आला. चौथ्या वर्षी गावाकडून निरोप आला, की दमट हवेने चित्राला बुरशी धरली आणि जुनं अस्तर काढून नवं लावायचं काम कचेरीने मो गुरुजींनाच दिलं. गावात दुसरा जाणकार होता कुठे? ते ऐकल्यापासून तेंगला घास गिळेना.

महिन्याभराने गुरुजींचं पत्र आलं. ‘चित्र पुन्हा नव्यासारखं झालं. हात फार कापतो, म्हणून आठ दिवस लागले. काळजी करू नकोस. मी आता पूर्वीपेक्षा मनापासून वाकतो.’ त्या दिवशी तेंग पोटभर जेवला.

पुढे गुरुजी वारले. मग चित्रातला मंगोल सम्राटही वारला आणि भिंतीवर दुसऱ्याचं चित्र आलं. जुनं चित्र तेंगने मागून घेतलं आणि तो हूचौला परतला.

“आलास?” फांग मावशी दारातूनच म्हणाली. “तुझा गुरू शेवटपर्यंत वाकला हो! पाय चालेनात तर कुणाच्या तरी पाठुंगळीवर बसून जायचा. येताना तोंड कसं फुललेलं! आम्हालाच लाज वाटायची.”

तेंग चित्र घेऊन पुढे गेला. गुरुजींच्या रिकाम्या घरात, खिडकीपाशी उजेडात त्याने चित्र पालथं घातलं. कोमट पाण्याने खळ भिजवली आणि अस्तर एका कोपऱ्यापासून हलक्या हाताने सोडवत नेलं. आतला कागद वर आला.

त्यावर एक लहान मुलगा उभा होता. ओली राजवस्त्रं, थेट तेंगकडे लागलेले डोळे. प्रत्येक रेघ कापरी होती आणि एकही चुकलेली नव्हती. असं काम तेंगने राजधानीतही पाहिलं नव्हतं.  त्याचे पाय आपोआप वाकले, कपाळ जमिनीला टेकलं.

तेंगने तिथे कोरा कागद लावला होता.