दुधीला आठ दिवसांची मुदत

"आज किसून केलाय," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईनं झाकण उचललं. दुधीच. काल फोडी होत्या, परवा सूप होतं, आज कीस. कसाही कापा, दुधी तो दुधीच.

उन्हाळा लागला तसा सासऱ्यांनी फतवा काढला होता, "बाजाराची भाजी बंद. गच्चीवर मोसमात जे पिकेल तेच खायचं." सासरे निवृत्त हेडमास्तर. नुसतं बोलून थांबतील तर ते हेडमास्तर कसले! फाटकावर फळा टांगून त्यांनी खडूनं लिहिलं : घरचं, ताजं, मोसमी. अख्खी गल्ली येता-जाता वाचायची. मग टोमॅटो उन्हानं करपले, भेंडीला कीड लागली, मिरची रुसली. टिकली एकटी दुधीची वेल, आणि ती काही आवरेना.

"कसा झालाय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"छान," मुलगा म्हणाला. दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन वाट्या बटाटे चेपून आला होता तो. लबाड मेला!

"मस्तच!" सूनबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

हेडमास्तरांनी घास गिळला, वर अर्धा तांब्या पाणी प्यायले आणि म्हणाले, "उत्तम."

तोंडावर खरं सांगायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर वर्षभर हा माणूस खिडकीशी गप्प बसून होता. गच्चीवर कुंड्या आल्या आणि त्यांना पुन्हा कंठ फुटला. आता जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचे. दुधीचा कंटाळा आला म्हणून त्यांना परत खिडकीशी बसवायचं? सूनबाईला ते जमलं नसतं.

"मात्र मी हटवादी नाही," हात धुता धुता हेडमास्तर म्हणाले. "सलग आठ दिवस वेलीला एकही दुधी धरला नाही, तर तो निसर्गाचा कौल समजू. बाजार सुरू."

सूनबाईचा घास तोंडातच थांबला.

दवाखान्यातली सकाळची पाळी आटपून ती दोनला घरी यायची. तेव्हा सगळे डुलकी काढत असत. वेलीवरचे तयार दुधी संपले त्या दिवशी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं ती वर गेली. ज्या फुलाच्या बुडाशी बोटभर दुधी दिसतो, तेवढंच खुडायचं. बाकीची फुलं नुसती शोभेची. भीत भीत तिनं दोन खुडली आणि मुठीत लपवून खाली आणली.

पुढे रोज जेमतेम एखादं मिळायचं, कधी तेही नाही. उन्हाचा तडाखा असेल. बरंच झालं, तेवढंच पाप कमी.

हेडमास्तर संध्याकाळी एकटेच गच्चीवर जायचे. "वेलीशी दोन शब्द बोलायचेत. कुणी मागे यायचं नाही." खाली आले की कुणाच्या नजरेला नजर देत नसत. सातव्या दिवशी त्यांनी फाटकावरचा फळा काढला आणि कपाटामागे सरकवून ठेवला.

सूनबाईला भडभडून आलं.

"बाबांचा जीव होता त्या वेलीत," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि मी जिभेच्या चोचल्यांपायी असं करावं!"

"उद्याचाच दिवस आहे. कळ काढ."

"बटाटे खाणाऱ्यांनी मला शिकवू नये!"

तशीच चपला घालून ती मंडईत गेली. भाजीवाली खूश झाली. "ताई, किती दिवसांनी! वांगी बघा, फ्लॉवर बघा. काय देऊ?"

"दुधी," सूनबाई म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

आठव्या दिवशी उजाडताच तिनं तो दुधी हिरव्या दोऱ्यानं वेलीला बांधला. दोरा पानाआड दडवला. अजून उन्हाळाभर हेच गिळायचं आहे हे ठाऊक असूनही बांधला. जिन्यात पावलं वाजली तशी ती पाण्याच्या टाकीमागे लपली.

हेडमास्तर आले. काखेत रिकामी पिशवी होती. दोन पावलं चालले, दुधी दिसला आणि जागीच थबकले. मग मटकन कठड्याशी बसले.

आनंदानं पाय गळाले बिचाऱ्यांचे! सूनबाईनं डोळे पुसले.

मागोमाग सासूबाई वर आल्या. "अहो, काय झालं? असे का बसलात?"

हेडमास्तरांनी जिन्याकडे पाहिलं, कुणी नाही असं बघून आवाज खाली आणला आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, आठवडाभर रोज संध्याकाळी एकेक फूल या हातांनी खुडतोय मी. हा मेला आला कुठून?"