घारीला ओ

माझ्या लेकानं, उदयसिंहानं, पंख मोडलेली घार घरी आणली आणि त्या दिवसापासून मी त्याला परकी झाले. सकाळी मी चहा घेऊन खाली ताटकळते, आणि हा गच्चीवर तिला चिमट्यानं कोंबडीचे तुकडे भरवत बसतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी महिनाभर नाही, तिच्या पंखाची पट्टी मात्र रोज बदलते.

तेही सोसलं असतं. पण ती शीळ घालते, आणि हा घरात कुठंही असो, ओ देतो, "आलो, आई!"

"मी हाक मारलीच न्हाय की रं," मी म्हणाले.

"मग कुणी मारली?" हा मलाच विचारतो.

काल जिन्यातनं मी खरंच हाक मारली. तो जागचा हलला नाही. वर शीळ वाजली तसा धावला.

आज सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. काय बोलायचं ते मनात घोकत गच्चीवर गेले. हा पिंजऱ्यापाशी बसलेला, आणि आतनं घार माझ्याकडं टक लावून बघत होती. मी तोंड उघडलं, तर नुसती शीळ निघाली.

आणि पिंजऱ्यातनं, माझ्याच आवाजात, माझं घोकलेलं वाक्य त्याला ऐकू गेलं:

"उदय, ह्या घरात आई एकच ऱ्हाईल."