एक शब्द काढायचा नाही

"आयला, त्यो बघ खंड्या!" धैर्यशील ओरडले आणि खंड्या भुर्रकन उडाला.

कालिंदीने दुर्बीण खाली घेतली. सकाळपासून हेच चाललं होतं. कोल्हापूरहून एवढ्या लांब खाडीत यायचं, कयाकमध्ये बसायचं आणि या माणसाने अख्खं कांदळवन उठवायचं! फौंड्रीत भट्टीच्या आवाजावर बोलून बोलून, हळू बोलणं म्हणजे काय हेच नवरा विसरला होता. त्यात दोघांची कयाक एकच. ती पुढे, ते मागे. म्हणजे सगळं थेट कानात.

पुढच्या कयाकमधून वाटाड्या सौमित्रने ओठांवर बोट ठेवलं. "काका, पाणमांजरं याच भागात असतात. पण जरा शांतपणे..."

"व्हय व्हय, गपच हाय की मी!" हेही पलीकडच्या काठावर ऐकू गेलं. एक बगळा उठला.

कालिंदीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आजवर दरवर्षी तिने वर्गात फळ्यावर पाणमांजर काढलं होतं. "बाई, तुम्ही बघितलंय?" असं पोरं विचारायची आणि ती विषय बदलायची. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होणार होती. एकदा तरी पोरांना हो म्हणायचं होतं तिला.

"अहो," ती मागे न बघता म्हणाली, "आता तोंडातून एक शब्द जरी काढलात ना, तर इथंच उतरून चालत घरी जाईन."

मागे चिडीचूप झालं. वल्ह्याचाही आवाज येईना. सौमित्रने डावीकडच्या मुळांकडे बोट दाखवलं. तिने तिकडे दुर्बीण लावली ती काढलीच नाही. चिखल, खेकडे, पुन्हा चिखल. हात भरून आले. मग ओहोटी लागली, पाणी भराभर उतरू लागलं.

"काकू, निघायला हवं," सौमित्र म्हणाला. "नाहीतर चिखलात अडकू."

धक्क्यावर उतरताना तिचे डोळे भरले होते. "मेलं नशीबच फुटकं माझं. एक शेपूटसुद्धा दिसलं नाही."

"तीन हुती की." धैर्यशील इतक्या हळू बोलले, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"काय?"

"तीन. उजव्या अंगाला. एक तर पार बोटीजवळ मासा खात हुतं."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"तूच म्हणालीस की, शब्द काढायचा न्हाय." शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे ते तिच्याकडे बघत होते. "कसा गप बसलो, सांग की!"