विस्तवापासून लांब

टूथपेस्टची ट्यूब सापडली ती मागच्या अंगणात, जुन्या पत्र्याच्या डब्यात, कोरड्या फडक्यात गुंडाळलेली. बायको कपड्यांचे चिमटे शोधत होती. ट्यूब आणून बारा दिवस झाले होते आणि झाकणाखालचं चंदेरी सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

ती तरातरा आत आली. सुरुंगवाला कोमट दुधात पाव बुडवून एका बाजूने चघळत होता. दगडखाणीतून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, तरी लोक त्याला सुरुंगवालाच म्हणत. हल्ली जरा काही गार लागलं, की दातातून निघालेली कळ थेट कानात जायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हीच पेस्ट दिली होती. दिवसातून दोनदा लावा, थुंका पण चूळ भरू नका, आणि निदान दोन आठवडे धीर धरा, असं बजावलंही होतं.

आता धीर धरायला जेमतेमच वेळ उरला होता. कोपऱ्यावर त्यांच्या मुलीचं आइस्क्रीमचं दुकान उघडणार होतं. पहिला कप बाबांनीच खायचा, हे तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दातांबद्दल दोघांनी तिला चकार शब्द कळू दिला नव्हता. सगळ्यांसमोर बाबांचं तोंड वाकडं झालं असतं, तर पोर पार हिरमुसली असती.

बायकोने ट्यूब ओट्यावर आपटली. तो उठला आणि त्याने ती शेगडीजवळून उचलून खिडकीत नेऊन ठेवली. तेव्हा तिला शंका आली. चष्मा लावून तिने ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पाणी, ग्लिसरीन, सिलिका, आणि मग पोटॅशियम नायट्रेट. म्हणजे सोरा. सुरुंगाच्या दारूत पडतो तोच.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" ती म्हणाली. "गंधक कुठंय यात? कोळसा कुठंय? एकट्या सोऱ्याने साधी टिकली वाजत नाही, हे मला कोणी शिकवलं?"

तो ओशाळला. ट्यूब उडणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं, इतका काही तो खुळा नव्हता. पण चौतीस वर्षं खाणीत त्याचा एकच नियम होता. दारूला हात लागला की हात साबणाने तीनदा धुवायचे, मगच तोंडाजवळ न्यायचे. न धुता जेवणाचा डबा उघडला म्हणून त्याने एकदा मुकादमालाही घरी धाडलं होतं.

"जे बोटाला लागलं तरी जेवलो नाही कधी, ते आता तोंडातच घालू?" तो म्हणाला.

तिने सील फोडलं, त्याच्या ब्रशवर पेस्ट काढली आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं त्याला पुन्हा ऐकवलं. दातावरचं कवच झिजलंय, आतल्या नसेला सगळं लागतंय, हा सोरा त्या नसेला हळूहळू शांत करतो.

"सोळा दिवस राहिलेत," ती शेवटी म्हणाली. "पोरीला काय सांगू, तेवढं सांगा."

त्याने ब्रशकडे पाहिलं. मग आधी जाऊन साबणाने तीनदा हात धुतले आणि ब्रश घेतला.

सोळाव्या दिवशी दुकानासमोर शेजारीपाजारी जमले. मुलीने पहिला कप बाबांच्या हातात दिला. बायको जरा लांब, खांबाआड उभी होती. कधी घातली तिलाच कळलं नाही, पण तिची बोटं दोन्ही कानांत होती. खाणीच्या पायथ्याशी राहायचे तेव्हा इशाऱ्याची शिट्टी झाली की घालायची, तशीच.

त्याने चमचाभर आइस्क्रीम तोंडात घातलं आणि डोळे मिटले. न उडालेला सुरुंग चाचपावा तसा जिभेने एकेक दात चाचपला.

"बाबा, बोला ना काहीतरी," मुलगी म्हणाली.

दोन बोटं ओठांत घालून त्याने एक लांबलचक शिट्टी मारली. सगळे सुरुंग उडाले, आता बाहेर या, असं सांगायला तो खाणीत मारायचा, तीच. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मुलगी गोंधळून आईला शोधू लागली.

आईने कानांतली बोटं काढली आणि खांबाआडून बाहेर आली.

"मला मोठा कप दे," ती म्हणाली.