टायफॉइडचा डाव

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी दरडावून विचारलं.

"मीच, बाई. चौथ्या दिवशी ताप उतरला. गोळ्यांनी अंग ढिलं पडतं, म्हणून खुराक चालू केला. बदाम, तूप."

तीस वर्षं तालमीत पोरं घडवली, मला कोण शिकवणार? आता माझ्याच तालमीतली अमृता, जिल्ह्यात पहिली आलेली पैलवान पोर, दवाखान्याच्या खाटेवर पुन्हा तापानं फणफणत होती.

बाईंनी मोबाइलवर चित्र दाखवलं. "वस्ताद, ही रक्तातली पांढरी पेशी. जंतू दिसला की गिळते, आत मारून टाकते. पण टायफॉइडचा जंतू आत गेला की सुईसारख्या नळीतून तिलाच आपला रस टोचतो. मग ती त्याला मारत नाही, उलट राहायला खोली देते. ताप उतरला, तरी तो आत पिलावळ वाढवत बसलेला असतो."

मी बघतच राहिलो. डोळ्याला न दिसणारा जीव! वरच्या पैलवानाला वाटतं आपण जिंकलो, आणि हा खालून डाव टाकतो. एवढं शिकवायला मला एकेका पोरामागं दहा वर्षं लागतात. याला कुणी शिकवलं?

"वस्ताद, तोंड मिटा," अमृता पुटपुटली. "माशी जाईल."

बाई म्हणाल्या, "आता पुरते चौदा दिवस. पुन्हा मधेच थांबलात, तर पोरगी हातची जाईल."

असल्या न दिसणाऱ्या पैलवानापुढं मी दोन्ही कान धरले, आणि पहिली गोळी माझ्या हातानं अमृताच्या जिभेवर ठेवली.